माझ्या खोलीतली मुलगी

१ मार्च, रविवार
पलंग पुन्हा हलवला. चौथ्यांदा! खिडकीकडे डोकं केलं की गार वारं, दाराकडे केलं की शेजारच्याचा रेडिओ. खोलीचा काही दोष नाही. मलाच इथे, घरापासून इतक्या लांब, करमत नाही.

३ मार्च
दिवसभर दात. मेणात एकेक दात बसवायचा, तासायचा, पुन्हा बसवायचा. ज्यांच्या कवळ्या करते ती माणसं दिसत नाहीत, नुसते जबड्यांचे साचे येतात. घरी होते तेव्हा दवाखान्यामागच्या खोलीत काम करायचे, तर एखादे आजोबा सरळ आत येऊन सांगायचे, “पोरी, मक्याचं कणीस खाता आलं पाहिजे हं.” इथे साच्यावर फक्त नंबर.

आमच्या मुख्य तंत्रज्ञांनी आज कागद दिला. (कपाळावर कायम भिंग चढवलेलं असतं, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात भिंगबुवा म्हणते.) तीन महिन्यांची उमेदवारी या महिनाअखेर संपते. राहायचं तर दोन वर्षांसाठी सही करायची, नाहीतर परत जायचं. विचार करून सांगा म्हणाले. माणूस भला आहे, त्यामुळे धड चिडताही येत नाही!

८ मार्च, रविवार
जायचं. ठरलं! आई एकटी आहे, एवढं कारण पुरेसं आहे. बाबा गेल्यापासून त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. आज फोनवर म्हणाली, “माझं उत्तम चाललंय, तू इकडची काळजी करू नकोस.” आईचं उत्तम मला माहीत आहे. सकाळची भाजी संध्याकाळी आणि संध्याकाळची सकाळी.

पण भिंगबुवांना अजून सांगितलं नाही. रोज सांगायला जाते आणि मेण मागून परत येते.

१५ मार्च, रविवार
आई व्हिडिओ कॉलवर बोलत होती आणि मागे माझ्या खोलीच्या दारावर एक हिरवी ओढणी. आपल्याकडे हिरवी ओढणी नाही! कोणाची, म्हणून विचारलं. आधी टोलवाटोलवी. मग निघालं सगळं. महिनाभर झाला, आईने माझी खोली एका मुलीला दिली आहे. बँकेत नवीन लागलेली, घर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्या पलंगावर झोपते. माझ्या टेबलावर अभ्यास करते.

मला का नाही सांगितलं? “तुला वाईट वाटलं असतं.” आता काय आनंदाच्या उकळ्या फुटतायत?

१७ मार्च
चिडले आहे. कोणावर, ते ठरत नाही.

१८ मार्च
मुलगी रोज रडते म्हणे, घरची आठवण येते म्हणून. मग आई तिच्या डोक्याला तेल लावून देते. तेल! मला शेवटचं कधी लावलं होतं? लिहितानाच लाज वाटते आहे, पण मत्सर वाटतो, हे खरंच आहे. आणि परत जायचं माझं कारणच त्या मुलीने पळवलं. आई एकटी कुठे आहे आता?

२२ मार्च, रविवार
आई म्हणाली, ही मुलगी नोकरी सोडून निघायचं म्हणते, तू समजाव. “तू कशी राहिलीस ते सांग तिला.” आणि फोन तिच्या हातात!

ती फोन घेऊन माझ्या खोलीत गेली. आमचं ते दार खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. तिने बरोबर खांदा लावला. लहान चेहरा, मोठा चष्मा. विचारलं, “ताई, किती दिवसांत सवय होते?”

मूग गिळून गप्प बसायचं होतं. म्हणाले, “मला नाही झाली.” मग बांधच फुटला. नळ सोडून रडते ते सांगितलं. दुकानात उगाच फिरते, कोणीतरी बोलेल म्हणून, तेही. आईला यातलं काही माहीत नाही. शेवटी म्हणाले, “तुझं घर एका रात्रीच्या गाडीवर आहे. माझं असतं तर मी कधीच गेले असते.”

तिने चष्मा काढून पुसला. मग आईला फोन दिला.

२४ मार्च
दोन दिवस झोप छान लागली. मनातलं बाहेर पडलं म्हणून असेल. पण मी तिला खरं सांगितलं, की माझी खोली रिकामी करून घेत होते? कोण जाणे. जाते कुठली म्हणा! बँकेची नोकरी कोण सोडतं?

२७ मार्च, शुक्रवार
भिंगबुवांनी बाहेर बोलावलं. एक म्हातारी कवळी घालायलाच तयार नव्हती. मी कडा जरा घासून दिल्या. तिने घातली, आरशात पाहिलं आणि सोबतच्या मुलाला जे झापायला लागली ते थांबेचना! एक शब्द अडखळला नाही. निघताना माझं मनगट धरून ठेवलं तिने.

आत आले आणि तो कागद काढला. आईला सोबत आहे. मग मी कारणं तरी किती शोधायची? दोन वर्षं. सही केली.

२८ मार्च, शनिवार
आईचा फोन. मुलगी काल रात्रीच्या गाडीने गेली, नोकरी सोडून. मी काय काय बोलले ते जाताना तिने आईला सगळं सांगितलं. आई रडत होती. मी निघाले तेव्हा रडली नव्हती. म्हणाली, “तूही ये आता. मला नाही गं करमत एकटीला.”

सहीचं मी काही बोलले नाही.