‘ग्लास व्होल्केनो’चं दहावं गाणं

दीपनगर, रविवार दुपार
(घरात मी एकटाच, दाराला आतून कडी)

तीर्थस्वरूप मगनमामांच्या पायांवर हितेंद्रचं डोकं. ते डोकं सध्या ठिकाणावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तब्येत कशी आहे? कमलमामींचे गुडघे काय म्हणतात? जळगावच्या उन्हात दुपारी गच्चीवर जाऊन पापड उलटू नका म्हणावं त्यांना, आखाजीच्या सणापर्यंत पापड कुठे पळून जात नाहीत. कूलरची जाळी बदलली का? आणि मामा, तुमचा खोकला कसा आहे? (ही चौकशी वरवरची नाही. खोकल्याचं मुद्दाम विचारतोय, कारण पुढे येईल. दम धरा.) तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर फोन कर की लेका. पण फोन मामी उचलतात, लगेच स्पीकरवर टाकतात, आणि तुम्हाला ऐकू यावं म्हणून मी जे बोंबलतो ते तुमच्या खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जातं. मला जे सांगायचंय ते इस्त्रीवाल्याला कळलं तर संध्याकाळपर्यंत धुळ्याला कळेल, आणि धुळ्याला कळलं तर माझी रूपा बिनलग्नाची राहील. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडा. नाही, जाळा.

मामा, मी घाबरलोय. तुम्हाला ठाऊक आहे, मी असा लेचापेचा माणूस नाही. बत्तीस वर्षं इथल्या पॉवर स्टेशनात बॉयलरपाशी उभा राहिलोय, शेजारी वाफ अशी शिट्टी मारते की नवखा माणूस जिना सोडून उडी मारेल, पण माझ्या हातातला चहा कधी हिंदकळला नाही. आणि आता? आता मोबाइल नुसता थरथरला तरी मी तो उशीखाली कोंबतो. सुनिता म्हणते, अहो, झोपेत तुम्ही “मी नाही, मी नाही” म्हणता. कोणाला म्हणता? कसं सांगू तिला कोणाला!

मुळापासून सांगतो. साल शहाऐंशी. भुसावळला स्टेशनाजवळ तुमचं कॅसेट भरून देण्याचं दुकान. मी सतरा वर्षांचा, आणि तुम्ही मला ‘आयर्न पेलिकन’ या बँडचा ‘ग्लास व्होल्केनो’ साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिलात. (मामी त्यांना अजून ‘ते पक्षीवाले’ म्हणतात.) मामा, त्या कॅसेटने माझं आयुष्य घडवलं म्हणा किंवा बिघडवलं म्हणा. काय ते गाणं! काय तो आवाज! गायक जणू विहिरीच्या तळातून गातोय, ढोल असा की छातीची फासळी हलावी. आणि सगळ्यांत शेवटी, दुसऱ्या बाजूला, दहावं गाणं. कार्डावर तुम्ही नऊ गाण्यांची नावं सुबक अक्षरात लिहिली होती आणि दहाव्यापुढे नुसती रेघ. सुरुवातीला गिटार एकटीच रेंगाळते, मग मागून मालगाडी पुलावरून जावी तसा ताल येतो, शब्द धड कळत नाहीत पण डोळ्यांत पाणी येतं, आणि अगदी शेवटी, सगळं थांबल्यावर, कोणीतरी खोकतो. बस. चाळीस वर्षं झाली, अजून अंगावर काटा येतो.

आता पुढची गोष्ट लाजेची आहे. अकरा वर्षांपूर्वी मोबाइलवर या बँडच्या मराठी चाहत्यांचा ग्रुप सापडला. त्यात मी स्वतःचं नाव न घालता ‘बॉयलर पाच’ या नावाने शिरलो. (नोकरीत असताना असलं काही करतो हे साहेबांना कळू नये म्हणून. तेव्हाही भित्राच होतो म्हणजे.) तिथे पाहतो तर काय, जो तो ‘ग्लास व्होल्केनो’ला शिव्या देतोय! म्हणे ऐंशीच्या दशकात बँड बिघडला, केस फुगवले, पेटीसारखं ते कीबोर्ड घेतलं, ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. म्हातारे पेलिकन आजही गातात, सत्तरी ओलांडली तरी, पण या अल्बमचं नाव काढलं की चाहते तोंड फिरवतात. सगळ्यांत वाईट होता तो ‘देवपूर एकोणऐंशी’. त्याचं ठरलेलं वाक्य, एकोणऐंशी सालानंतर पेलिकन मेला, पुढे आलं ते त्याचं भूत.

मामा, माझं टाळकं सटकलं. मी लिहिलं, ज्याला दहावं गाणं कळलं नाही त्याने कानात कापूस घालून घरी बसावं. त्याने लिहिलं, रेकॉर्डवर नऊच गाणी आहेत, हा बॉयलर गांजा ओढतो. मी त्याला बहिरा म्हणालो. त्याने मला थापाड्या म्हटलं. मी त्याच्या मिशीवरून बोललो (मिशी आहे हे नुसत्या अंदाजाने लिहिलं, दुर्दैवाने अंदाज खरा निघाला). त्या शेवटच्या खोकल्यावर तर मी तीन भागांत निबंध लिहिला, की या एका खोकल्यात जगातल्या थकलेल्या माणसांचं दुःख भरलंय. ग्रुपवाले म्हणायचे, ऐकव ना मग. पण कॅसेट इतकी झिजलीय की मी ती वर्षातून एकदाच लावतो, तुटली तर? मोबाइलवर तोच अल्बम लावून पाहिला तर गायक घाईघाईत आणि चिरक्या आवाजात गातो, आणि दहावं नाहीच. मी स्वतःची समजूत घातली, की मोबाइल कंपन्यांनी गाणी दाबून भरली असतील आणि जागा कमी पडली म्हणून शेवटचं उडवलं असेल. हसू नका. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की काहीही चालतं.

असो. आपल्या रूपाला पुण्याला नोकरी लागली, तिथे ऑफिसात ईश्वर नावाचा मुलगा भेटला, चांगला, निर्व्यसनी, धुळ्याचा. पोरीने स्वतःहून सांगितलं, पप्पा, मला हाच हवा. मी खुशीने गेलो की हो! गेल्या रविवारी सुनिता, रूपा आणि मी, धुळ्यातल्या देवपूरला त्यांच्या घरी. ईश्वरचे वडील प्रेमराजभाऊ, शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक, ही छाती, या मिश्या, आवाज असा की आपोआप विश्राममधून सावधान व्हावं. पोहे आले. मी पहिला घास घेतला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर देवांच्या फोटोंशेजारी, काचेच्या चौकटीत, हार घातलेली ‘आयर्न पेलिकन’ची एकोणऐंशीची रेकॉर्ड!

पोहे घशात अडकले. देवपूर. एकोणऐंशी. मिश्या. माझी पाचावर धारण बसली. सुनिता पाठीवर थापट्या मारतेय, प्रेमराजभाऊ पाण्याचा तांब्या पुढे करताहेत, आणि मी त्यांच्या मनगटाची जाडी मोजतोय. (ग्रुपवर ते म्हणाले होते, बॉयलर सापडला तर ग्राउंडला पन्नास चकरा मारायला लावीन. माझ्या दोन्ही टाचा दुखतात, तुम्हाला माहीत आहे.) खिशातल्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला की ‘ग्लास व्होल्केनो’चीच धून वाजते, हे आठवलं आणि मी बाथरूमला जातो सांगून फोनच बंद करून आलो.

परत येतो तर त्यांनी माझं निरखून पाहणं बघून आनंदाने विचारलं, तुम्हालाही आवड दिसते? मी म्हटलं, छे हो, मी आपला भजनं ऐकतो. मग त्यांनी ईश्वरला कपाटातून ‘ग्लास व्होल्केनो’ काढायला लावला. मुंबईहून आणलेली अस्सल रेकॉर्ड. म्हणाले, व्याही, बँड कसा बिघडतो ते तुम्हाला ऐकवतो. आणि मामा, त्यांनी ती लावली आणि माझं आयुष्य उलटंपालटं झालं. तोच मोबाइलवाला चिरका गायक! कपड्यांना आग लागल्यासारखा गातोय! ढोल खरोखर पत्र्याचा! म्हणजे खरं हेच होतं. आणि मला आठवलं, तुमच्या रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा सैल होता. तुम्ही स्वतः म्हणायचात, पट्टा बदलायचाय. तबकडी सावकाश फिरायची, म्हणून विहिरीचा आवाज, म्हणून फासळी. चाळीस वर्षं मी ज्यासाठी भांडलो तो तुमचा सैल पट्टा होता, मामा!

तरी मी भजनवाल्याचं तोंड करून बसलो. दुसरी बाजू लागली. नववं गाणं संपलं, सुई उचलली गेली, आणि माझ्या तोंडून, देवाशपथ मला कळलंही नाही, निघून गेलं, “आणि दहावं?”

रूपाने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी तिची परडी मी पायाखाली मोडली होती तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. प्रेमराजभाऊ हळूच उठले, आत गेले आणि एक जाडजूड वही घेऊन आले. वहीत बॉयलर पाचचा शब्द न् शब्द कागदावर छापून चिकटवलेला! रागाने ते थेट अहिराणीवर आले. म्हणाले, “हाऊ बॉयलर कोन शे, माले समजालेच पाहिजे.” तो तुमच्या दीपनगरचाच असणार, नावच सांगतं. तुम्ही त्याला शोधा, माझ्यासमोर उभा करा, मग साखरपुड्याची तारीख धरू. मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाही सांगता येणार नाही.

आठ दिवस झाले. जेवण जात नाही. रूपाचा फोन येतो, ती एवढंच विचारते, पप्पा, तुम्ही काही केलंय का? पोरीच्या आवाजात रडू असतं आणि मी म्हणतो, नेटवर्क नाही. मामा, बापाने पोरीशी असं बोलावं? मला स्वतःची किळस येते. पण कबूल करायला गेलो तर एक खोटारडा, शिवराळ, चोरून लिहिणारा माणूस व्याही म्हणून कोण पत्करेल? त्यातून उद्या कळलं की ज्या गाण्यासाठी मी त्यांना बहिरा म्हणालो ते त्या बँडचं नाहीच, तर?

आता मुद्द्याचं. मला आठवतंय, तुम्ही कॅसेटची टेप कोरी ठेवायचा नाहीत. कोरी टेप देणं म्हणजे पाहुण्याला अर्धं ताट वाढणं, असं म्हणायचात. आरत्यांची कॅसेट असो की इंग्रजी, उरलेल्या जागेत तुमच्या मनाचं काहीतरी भरून द्यायचात. तेव्हा मामा, खरं सांगा. दहावं गाणं कोणाचं आहे? संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर रेल्वे कॉलनीतली काही पोरं गिटारी घेऊन तुमच्याकडे बसायची, ती पोरं तर नव्हेत? आणि काल रात्रभर विचार केला, तो शेवटचा खोकला. आधी एक लहान, मग घसा ओढून एक मोठा. मामा, तो खोकला मी माझ्या लग्नाच्या मंगलाष्टकांत ऐकलाय.

कळावे, म्हणजे मला लवकर कळवावे.

तुमचा, जीव मुठीत धरून बसलेला,
हितेंद्र

ता.क. खरं काम वर लिहायचा धीर झाला नाही. साखरपुड्याआधी एकदा देवपूरला चला आणि बॉयलर पाच तुम्हीच आहात असं सांगा. तुमचं वय अठ्ठ्याहत्तर. पी.टी.चा शिक्षक झाला तरी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला चकरा मारायला लावणार नाही. शिव्यांचं विचारलं तर ऐकू येत नाही म्हणा, ते खरंच आहे.

ता.क. २. पाकिटाला डिंक लावला आणि दाराची बेल वाजली. कडी काढली तर दारात प्रेमराजभाऊ! धुळ्याहून एकटे, एस.टी.ने, घामाघूम, हातात ती वही. मी हात जोडून रूपाचं नाव घेणार तोच ते आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “बॉयलर, चहा मांडा आते.” त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, मी दहावं विचारलं तेव्हाच; वही आणली ती मी स्वतःहून कबूल करावं म्हणून. आठ दिवस ते का थांबले, तर मामा, ते घाबरले होते! म्हणाले, जगातल्या सगळ्या पेलिकनवाल्यांना लिहून विचारलं, कोणालाच ते गाणं माहीत नाही. पण तुम्ही खोकल्यावर एवढं लिहिलंत, ते थापाड्याला जमणार नाही. अकरा वर्षं भीती वाटतेय हो, की माझ्या बँडचं एक गाणं आहे आणि ते न ऐकता मी मरेन. आणि तुम्हीच ती थाप होती म्हणालात, तर ही आशाही संपेल.

मी कॅसेट लावली. तुटेल म्हणून बोट बटणावरच ठेवलं होतं. ते डोळे मिटून बसले. गाणं संपलं, खोकला आला, आणि एवढा मिशीवाला माणूस रुमालात तोंड घालून रडला. पुन्हा लावा म्हणाले. तीनदा लावली. म्हणाले, बाकी अल्बम कचराच आहे, पण या गाण्यासाठी पेलिकनला सगळं माफ. आणि हा खोकणारा, हा माणूस फार सोसलेला आहे. मग आखाजीच्या दुसऱ्या दिवशीचा साखरपुडा स्वतःच ठरवून टाकला, आणि म्हणाले, अंगठ्या घालताना हेच गाणं वाजेल. रूपाला फोन केला तर ती रडत हसत होती.

ता.क. ३. मामा, वर मी विचारलंय ना, की गाणं कोणाचं? ते सांगू नका. मलाही नाही, मामींनाही नाही. आणि माझ्याऐवजी उभं राहण्याचंही आता काम नाही. नुसते आशीर्वाद द्यायला या, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखलीय, प्रेमराजभाऊंच्या अगदी शेजारी. घरून निघताना ज्येष्ठमध तोंडात ठेवा, खिशात खडीसाखर ठेवा, लागलं तर रुमाल तोंडात कोंबा, पण मामा, तुमच्या पाया पडतो, तिथे खोकू नका.