निळ्या पेन्सिलीच्या वाटा

६ जानेवारी १९५८, चामोर्शी

पुन्हा चुकले! ऑफिसच्या नकाशावर चामोर्शीपासून जामटोल्यापर्यंत छान जाड रेघ आहे. जमिनीवर मात्र त्या जागी आधी धानाचे बांध, मग काटे, मग नाला. नकाशा काढणारा इथे कधी आला होता, की खुर्चीत बसूनच रेघ ओढली, देव जाणे. दोन तास सायकल ढकलली. जामटोल्याला पोहोचले तोवर बाया खळ्यावर निघून गेल्या होत्या. धूर न होणारी चूल कशी बांधावी हे मी एका म्हाताऱ्याला आणि दोन शेळ्यांना समजावून सांगितलं. म्हातारा म्हणाला, "धूर नाई तं मच्छर कसे जाईन?" यावर आमच्या ट्रेनिंगमध्ये काही शिकवलं नव्हतं.

परत आले तर घरमालकीण रुखमाबाई दारातच. "आल्या का बाई, जित्त्या?"

आले म्हटलं.

आमच्या आर्वीला डोळे मिटून सायकल हाणावी. सपाट काळी जमीन, दोन कोसांवरचं गाव दिसतं. इथे दहा हातांपलीकडे नुसतं झाड. ग्रामसेविकेला सायकल दिली म्हणजे सरकारचं काम झालं! वाट कोण देणार?

८ जानेवारी

ठरवलं. माझा नकाशा मीच काढणार. ड्रॉइंगचा मोठा कागद भिंतीला ठोकलाय. निळी पेन्सिल म्हणजे बसून जाता येतं. लाल म्हणजे उतरा आणि ढकला. आजपर्यंत निळं बोटभर, लाल हातभर.

९ जानेवारी

आज दिवसभरात कोणाशी बोलले? रुखमाबाईशी, मिठाबद्दल. संपलं.

१२ जानेवारी

सायकल खांद्यावर घेऊन नाल्यात उभी होते. पाणी पोटरीभर, खाली शेवाळ. पुढे जाववेना, मागे फिरता येईना. काठावर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणते कशी, "बाई, सायकल तुमाले नेते, का तुमी सायकलले नेता?"

असं हसू फुटलं की तोल गेला आणि बसले पाण्यात! तीही हसायला लागली. मोळी टाकली, खाली उतरली, आधी सायकल काढली आणि नंतर मला.

मंगली तिचं नाव. कोसमटोल्याची, गोंडांची. माझ्याच वयाची असेल. पातळ वाळेपर्यंत दगडावर बसलो. मी तिला नकाशाचं सांगितलं. "कागदावर कुठी वाट राह्यते?" म्हणाली. "वाट झाडापाशी राह्यते." मग सांगतच गेली. जळक्या बेहड्यापासून डाव्या हाताले, मोठ्या वारुळापासून उजव्या हाताले, मंग दोन मोह, मंग आमचं गाव. मी सगळं लिहून घेतलं. इथे येऊन तीन महिने झाले, पण इतकं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं.

घरी येऊन निळी रेघ ओढली. ओढताना गात होते, हे रुखमाबाईनं सांगितलं तेव्हा कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. नऊ लाडू केले. दोन रुखमाबाईला दिले. सात उरले. वहिनीचं पत्र नाही, दादाचंही नाही. लाडवांचा डबा समोर ठेवून बसले होते वेड्यासारखी. कोणाला म्हणू गोड बोला?

१९ जानेवारी

सातही लाडू कोसमटोल्याला नेले! मंगलीची सासू सोमारी, हिला सगळे बुढीच म्हणतात. डोळ्यांनी फार कमी दिसतं तिला, पण जीभ चांगली तिखट आहे. माझा हात हातात घेऊन चाचपला. "हाडंच हाय नुसती. मंगली, इले पेज दे." मी नको म्हटलं. "मी इचारली का तुले?" म्हणाली. द्रोणभर पेज आणि वालाची भाजी. दोनदा घेतली.

नवरा कुठी हाय, विचारलं. नाही म्हटलं, लग्नच नाही झालं. बुढी म्हणे, "बरं हाय. आमच्या इथी येत जा."

एवढंच. पण परतीच्या वाटेवर मी दोनदा रडले. का, ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

२५ जानेवारी

आज मोठी कमाई! जामटोल्याची नवी वाट सापडली. बांबूच्या ठेकेदाराच्या गाड्यांनी पडलेली, रुंद, मऊ धुळीची. कोसमटोल्याची पायवाट जिथे वळते, तिथूनच ही फुटते आणि बांबूतोडीच्या रानातून जामटोल्याच्या मागच्या बाजूला निघते. पायवाटेवर नुसते दगड, हाडं खिळखिळी होतात. आणि हे चक्क डांबरी सडकेसारखं! अर्धा तास वाचला.

तोंडाशी मात्र कोणीतरी हिरव्या फांद्या आडव्या टाकून ठेवल्या होत्या. कोणाचा हा खोडसाळपणा? उचलून दूर फेकल्या. मागून येणाऱ्याची सोय झाली म्हणायची.

२८ जानेवारी

पुन्हा फांद्या! त्याच जागी, आणि पुढे आणखी दोन गाडीवाटांच्या तोंडाशीही. कोण आहे हा हट्टी? मीही काही कमी नाही. तिन्ही ठिकाणच्या झुडपात भिरकावल्या.

निळं आता वीतभर झालंय.

३१ जानेवारी

दादाचं कार्ड. सगळे खुशाल. वहिनीला बरं नव्हतं, आता बरं आहे. तू प्रकृती सांभाळ. साडेतीन ओळी, खाली सही. कार्डाची अर्धी बाजू कोरीच सोडलीय.

३ फेब्रुवारी

आमच्या ऑफिसचे साहेब घरासमोरून जात होते, त्यांना नकाशा दाखवला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "उत्तम! याच्या नकला काढा, बाकीच्यांनाही देऊ." मी आपली फुगले. रुखमाबाईला सांगितलं तर म्हणाली, "आता भाकर गोल येईन तुमची?"

५ फेब्रुवारी

सकाळी नव्या वाटेनं जामटोल्याला जाऊन आले. दुपारी बाजार होता. मंगली आली नाही. बुढी आली होती, आवळे विकायला, गावच्या बायांबरोबर. मला हाक मारली, चार आवळे ओटीत टाकले. "उद्या ये," म्हणाली.

६ फेब्रुवारी

सकाळी रुखमाबाईनं सांगितलं, कोसमटोल्याची म्हातारी रात्रभर घरी पोचलीच नाही. मी तशीच निघाले.

दुपारी सापडली. बांबूतोडीच्या रानात, एका खड्ड्यात. जिवंत. मांडीचं हाड मोडलंय. थंडीनं ओठ निळे पडले होते. चौघांनी बाजेवर घालून आणली. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या, तेव्हा ओरडली नाही, नुसती माझ्या पातळाचं टोक धरून होती. दवाखान्यात नेऊ म्हटलं, गाडी आणते म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाली.

काल बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या. बुढी दम खायला बसली आणि म्हणाली, जा तुमी, मी येतो. चाळीस वर्षं चाललेली वाट. मग चुकली कशी? मी मंगलीला विचारलं.

मंगली चुलीकडे पाहत बोलत होती. "ठेकेदाराच्या गाड्या दर साली नव्या वाटा पाडते. रुंद राह्यते, साफ राह्यते, मानूस तिकडंच शिरते. म्हनून आमी तोंडावर फांदी टाकतो. फांदी हाय म्हनजे तिकडं जायचं नाई. बुढीले दिसत नाई, ते काठीनं पायते. काठीले फांदी लागली का दुसऱ्या वाटेनं जाते. कवाच चुकली नाई."

"मग काल?"

"काल फांदी नव्हती."

तिनं पेज वाढली. मी खाल्ली! खाल्ली, हे इथे लिहून ठेवते.

येताना फांद्या तोडल्या आणि तिन्ही तोंडांवर पुन्हा आडव्या घातल्या. हात काट्यांनी फाटले आहेत. मी शिकलेली, मी सर्टिफिकेटवाली, मी दुसऱ्यांना वाटा दाखवणारी!

७ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी

सांगितलं तर काय होईल? मंगली हात धरून बाहेर काढेल, आणि बरोबरच करेल. मग या सबंध मुलुखात मला हाक मारणारं एकही माणूस उरणार नाही. हीच भीती आहे. बुढीच्या पायाची नाही, माझ्या एकटेपणाची. अशी मी!

१९ फेब्रुवारी

गेले नाही. बाजारात कोसमटोल्याची एक बाई दिसली, तिच्या हाती घोंगडी पाठवली आणि तेलाची बाटली. "तुमी नाई येत?" म्हणाली. काम फार आहे म्हटलं.

काम! आज दिवसभर मी तीन झबली कापली.

२२ फेब्रुवारी

साहेबांनी नकला मागितल्या. शाई सांडली म्हणून सांगितलं. नकाशा गुंडाळून पेटीखाली ठेवलाय. भिंतीवर चार खिळे उरलेत.

५ मार्च

होळी. समोरच्या चौकात सगळे जमले होते. मी खिडकी लावून घेतली. रुखमाबाईनं पुरणाची पोळी आणून दिली. "बाई, कोनाशी भांडन झालं का?" म्हणाली. नाही म्हटलं. "मंग भांडा तरी कोनाशी," म्हणाली आणि गेली.

११ मार्च

साहेब म्हणाले, वडशाला जागा रिकामी झालीय. स्टेशन आहे, पक्की सडक आहे, नाले खांद्यावर सायकल घेऊन ओलांडावे लागणार नाहीत. "सोमवारपर्यंत सांगा."

पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते. सुटले, असं वाटलं. रेल्वेत बसायचं आणि संपलं. कोणाला काही सांगायला नको.

१३ मार्च

अर्ज लिहिला. पेटीत ठेवला. सही करायची आहे.

१६ मार्च, रविवार

गेले.

पहाटेच निघाले, नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा धीर सुटला असता. सायकल नेली नाही. चालत गेले. मोह गळू लागलाय, सगळ्या रानात तो गोडसर आंबूस वास. मंगली गावाबाहेरच्या झाडाखाली फुलं वेचत होती. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, फांद्या मी काढल्या. सायकलला अडचण होत होती म्हणून. दोन वेळा काढल्या. मला ठाऊक नव्हतं, पण काढल्या मीच.

तिनं वेचणं थांबवलं नाही. "माहीत हाय," म्हणाली.

मला वाटलं तिला समजलं नाही. पुन्हा सांगितलं.

"माहीत हाय म्हनतो ना! धुळीत चाकाची रेघ होती. या जंगलात सायकल कोनाची हाय, बाई? बुढीले शोधाले गेलो, तवाच दिसली सगळ्याईले."

"मग त्या दिवशी मला पेज काऊन वाढली?" तिच्याच बोलीत विचारून गेले.

आता मात्र ती टोपली आपटून उठली. अशी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. "मानूस चुकते. तुमाले माहीत नव्हतं, आमी सांगतलं नव्हतं. पन सव्वा महिना! सव्वा महिना बुढी पडून हाय, रोज इचारते बाई काऊन नाई आली. घोंगडी धाडता? घोंगडीशी बोलन का ते?"

मी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, टोपली धरा, हात चालवा, ऊन चढते. दोघींनी मिळून त्या झाडाखालची फुलं वेचली आणि घरी गेलो.

बुढी बाजेवर होती. पाय वाकडा जुळलाय. चालेल, पण पहिल्यासारखी नाही.

अर्ज फाडला. उद्या साहेबांना नाही म्हणून सांगायचं.

१७ मार्च

काल एक गोष्ट लिहिली नाही.

मी बुढीच्या पायाशी बसून तिलाही सगळं सांगितलं, फांदी नव्हती म्हणून तू चुकलीस, फांदी मी काढली. ती म्हणाली, नाई गं पोरी. फांदी नाई लागली तवाच मले शक आला होता. उभी राह्यली. मंग खाली बसून धुळीत हात फिरवला. तुझ्या चाकाची रेघ लागली बोटाले. मनलं, हे पोरगी तं आपल्याच घरी येते. रेघ धरून चालत गेली.