माझंच उत्तर मला येईना

मंगळवार, संध्याकाळ

बातमीदाराला चार आकडे कळलेले बरे, म्हणून विद्यापीठाच्या डेटा सायन्सच्या वर्गाला बसलो. आता सुटका नाही. प्रकल्पाचे गुण दोघांना मिळून आहेत, आणि जोडीदार देऊळघाटची रूपाली. तिला प्रमाणपत्र नोकरीसाठी हवंय.

आज तिचा फोन. "काका, धाड गावच्या बाजारातला तुम्ही काढलेला सोयाबीनचा सरासरी भाव माह्या मशीनवर येऊनच नाही राह्यला."

"मशीन बदल."

"मशीन बरोबर हाये. तुम्ही मधात काय केलं ते सांगा."

काय केलं? लोकांना विचारून जमवलेल्या भावांतले विचित्र दिसले ते नजरेनेच खोडले. कुठले, कोण जाणे! सूत्र लावलं की कुणालाही तेच रूप मिळतं, हे शाळेत व्याकरणात घोकलं. इथेही नियम तोच, आणि मी नजरेवर गेलो. मूळ आकडे घेऊन पुन्हा करून पाहिलं, तर तिसरंच उत्तर. म्हणजे माझं उत्तर मलाही येत नाही.

वैतागून म्हणालो, वर्गच सोडतो.

"सोडा. मंग मी बी गेली."

ही विनवणी की धमकी? आकड्यांची फाइल पुन्हा उघडली.

"पहिल्यापासून करू, काका. भाव खोडला की काऊन खोडला ते बोला, मी फाइलीत खाली लिहीन."

पहिलाच भाव माझ्या साडूने सांगितलेला; तो खोडला.

"काऊन खोडला?"

"थापाड्या माणूस आहे."

तिने तसंच टंकलं. उद्या फाइल वर्गापुढे मांडायची; ते माझ्या नावानिशी सगळ्यांना दिसेल. साडूची मुलगी त्याच वर्गात आहे.