भिंतीपलीकडचा खर्ज

आप्पा,

काल मी कळंबला जॅझ ऐकायला गेले होते. हो, मीच. एका बाईंच्या फार्महाऊसवर महिन्यातून एका रविवारी दहा-बारा जण जमतात. प्रत्येकाने एक अल्बम आणायचा, सगळ्यांना ऐकवायचा आणि तो का आणला ते सांगायचं. ऑफिसातली एक मैत्रीण मला घेऊन गेली. तिथून आल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. आज सकाळी भाजी करपवली, नवऱ्यावर विनाकारण ओरडले, शेवटी रजा टाकली आणि हे लिहायला बसले. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. जिवंतपणी तुम्ही भांडू दिलं नाहीत, मग भांडायचं तरी कधी?

तुमचं ऐकणं कुठून सुरू झालं ते तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. साजगावच्या तुमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक परदेशी साहेब आला होता. त्याच्या खोलीतून हे संगीत ऐकू यायचं आणि तुम्ही पाळी संपली की व्हरांड्यात उभे राहायचात. एक दिवस त्याने दार उघडलं, तुम्हाला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. तेलकट कपड्यांनी खुर्चीत कसं बसायचं म्हणून तुम्ही संकोचलात तर तो हसला. परत जाताना रेकॉर्ड प्लेयर आणि खोकंभर रेकॉर्डी तुम्हाला देऊन गेला. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज दर वेळी जड व्हायचा. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मला त्या साहेबाच्या खोलीतल्या पडद्याचा रंगसुद्धा पाठ आहे. फक्त एक कळत नाही. ज्याला कुणीतरी दार उघडून आत घेतलं, त्याने पुढे स्वतःच्या घरात दार लावून कसं घेतलं?

कारण दार तुम्ही लावायचात. खोपोलीच्या क्वार्टरमधली रविवारची दुपार. तुमचे दोन दोस्त जेवून यायचे, चपला दारात, आणि तिघे बाहेरच्या खोलीत बसायचात. कुकरची शिट्टी नको, भांड्यांचा आवाज नको म्हणून मधलं दार बंद. इंग्रजी नावं जिभेवर बसत नव्हती, म्हणून तुम्ही रेकॉर्डींना आपली नावं ठेवली होती. एक संथ, जागरण झाल्यासारखी, ती ‘तिसरी पाळी’. एकीत ड्रमवाला सगळ्यांना मागून रेटत न्यायचा, कर्जतला घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात ना तसा, म्हणून ती ‘बँकर’. एका किंचाळणाऱ्या क्लॅरिनेटची ‘सासूबाई’. “आज काय लावतूस रं, सासूबाई नको, जेवान चांगलं झालंय,” असं त्या दोघांतले एक, ज्यांना मी काका म्हणायची, ते म्हणायचे आणि तिघे खिदळायचात. रेकॉर्डीची एक बाजू पूर्ण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, संपली की ज्याने सुचवली त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, हा तुमचा नियम. चांगला होता नियम. मी भिंतीपलीकडे तो तुमच्या दोस्तांपेक्षा जास्त पाळला.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एका विटेची भिंत. त्या भिंतीतून सगळं येत नसे. ट्रम्पेट तिथेच अडायचा, पियानोची टिकटिक कधी यायची कधी नाही. यायचा तो खर्ज. त्या माणसाएवढ्या उभ्या वाद्याच्या जाड तारा, धुम, धुम, धुम, फळीवरच्या डब्यांची झाकणं हलवत माझ्या पाठीत शिरायच्या. मी भिंतीला टेकून तांदूळ निवडायची आणि तेवढंच ऐकायची. मला वाटायचं, जॅझ म्हणजे एवढंच असतं. मला खरंच वाटायचं, आप्पा. तुमच्या प्रत्येक रेकॉर्डीचा फक्त पाया मला तोंडपाठ होता, वरची इमारत मी बघितलीच नव्हती.

नववीत होते तेव्हाची दुपार तुम्हाला आठवणार नाही. मी भज्यांची ताटली घेऊन दार ढकलते, बाजू नुकतीच संपलेली आहे, आणि माझ्या तोंडून निघून जातं, “काका, हा खालचं वाजवणारा तिसऱ्या पाळीतलाच हाय ना?” काका कव्हर उलटं करतात, दुसरं खोक्यातून काढतात, दोन्हींवरची बारीक अक्षरं बोट लावून जुळवतात. “अरं, बरोबर सांगतंय की तुझी पोरगी! नाव तेच हाय बग.” मी तुमच्याकडे बघते. काय पाहिजे होतं मला? एवढंच की तुम्ही वर बघावं. तुम्ही रेकॉर्ड पुसत होतात. न बघता म्हणालात, “उगाच अंधारात दगड मारला तिनं. पोरीच्या जातीला यातलं काय कळतंय. जा गं, चहाचं बघ.” दोघे हसले. मी आत आले. आईने तोंड बघितलं आणि म्हणाली, “त्यांच्या नादाला लागू नको. रेकॉर्ड पुसताना बग हात कसा हळू चालतो त्यांचा. आपल्यावर खेकसतो तो मानूस हाच काय, असं वाटतं.” मी चहा ठेवला. त्यात साखर घातली नाही. तेवढाच माझा बंडखोरपणा, आणि तोही तुम्ही गप्प पिऊन टाकलात.

तुम्ही गेलात आणि तेराव्यानंतर काका टेंपो घेऊन आले. शरमत होते बिचारे, त्यांचा दोष नाही. “तुझ्या बापानंच सांगितलंय गं,” म्हणाले. “दवाखान्यात मला म्हनला, माझ्या घरात ऐकनारं कोन नाय, तू ने.” ऐकणारं कोणी नाही! मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेकॉर्डी गेल्या त्याचं एवढं नाही. विकल्या असत्यात तरी चाललं असतं. पण मरताना शुद्धीवर असलेल्या माणसाने घरातली माणसं आठवून बघितली, आणि त्यात मी नव्हते. वर्षानुवर्षं भिंतीला पाठ लावून बसलेली मी नव्हते. काकांना मी खोकी उचलू लागले. आधी प्लेयर ठेवा, रेकॉर्डी उभ्या ठेवा, आडव्या वाकतात, असं मीच सांगत होते. त्यांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

लग्न होऊन कर्जतला आले, नोकरी लागली, हातात स्मार्टफोन आला, आणि एक दिवस हेडफोन लावून मी ‘तिसरी पाळी’ शोधून काढली. नाव ठाऊक नव्हतं. वाजवणाऱ्याचंही नाही. कित्येक आठवडे एकामागून एक अल्बम लावत, खर्ज ओळखत ओळखत तिथे पोचले. आणि त्याच्या वर एक ट्रम्पेट होता. इतका हळू, इतका कानाशी बोलणारा ट्रम्पेट, आणि मी तिशी ओलांडेपर्यंत तो अस्तित्वात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. लोकांना अशा वेळी आनंदाने रडू येतं. मला संताप आला. मी घरभर धुणं आपटत फिरले. हा एवढा मोठा ऐवज माझ्यापासून एका विटेवर होता आणि तुम्ही मला “चहाचं बघ” म्हणत होतात.

तर काल. कळंबची मंडळी चांगली आहेत, थोडी वेडी. एक गृहस्थ फक्त गाडीत ऐकतात, एक्सप्रेसवेवर, काचा वर करून. एका डॉक्टरबाईंना आंघोळ केल्याशिवाय ऐकवत नाही, पूजेसारखं. एक कॉलेजातली मुलगी झोपून, पाय भिंतीवर टेकवून ऐकते. मी म्हटलं, मी आधी फक्त खर्ज ऐकते, मग पुन्हा सुरुवातीपासून सगळं. ते सगळ्यांना भारी आवडलं. लगेच त्यांनी करून बघितलं, दहा माणसं माना खाली घालून खर्ज शोधत बसली. मग ज्या बाईंचं घर, त्यांनी विचारलं, नवीन माणसाला त्या हे विचारतातच, “तुम्हाला हा नाद कुणी लावला?”

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. किती वर्षं मी ते मनात घोकलं होतं, शब्दसुद्धा निवडून ठेवले होते. कुणीतरी विचारायचीच खोटी होती. आणि मी म्हणाले, “वडिलांनी.”

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी सांगत सुटले. रविवारी दुपारी मला बोलवायचे, म्हटलं. शेजारी बसवायचे. रेकॉर्ड पुसायचं फडकं माझ्या हातात द्यायचे. एक बाजू संपली की दोस्तांना थांबवायचे आणि मला विचारायचे, सांग गं, तुला काय ऐकू आलं? दोस्त हसले तर त्यांना दटावायचे. म्हणायचे, हिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. आप्पा, मी इतकं सुरेख खोटं आयुष्यात कधी बोलले नव्हते. ती कॉलेजातली मुलगी म्हणाली, “किती नशीबवान आहात तुम्ही.” एक्सप्रेसवेवाल्या गृहस्थांनी डोळे पुसले आणि म्हणाले, त्या काळात, एका कामगाराने, मुलीला! मी मान डोलावत बसले. ज्या माणसावर मी आयुष्यभर चिडले, त्याचा सत्कार मीच घडवून आणला, आणि वर वडे खाल्ले.

राग याचा आहे. तुम्ही जे केलं नाहीत ते मी तुमच्या नावावर चढवलं, फुकट, भर सभेत. खरं सांगितलं असतं तर लोक हळहळले असते, माझ्यासाठी. ते मला का नको होतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आणि तुम्ही तिथे नसताना तुम्हाला वाचवायची गरज काय होती? मला वाचवायला तुम्ही कधी आला होतात?

हे पत्र घडी घालून कुठे ठेवायचंही नाही, आत्ताच फाडणार आहे, नवऱ्याने वाचलं तर तो मला समजवायला बसेल. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा बोलावलंय. बाई म्हणाल्या, वडिलांच्या आणखी गोष्टी सांगा. मी नाही म्हणायला हवं होतं. पण कालपासून, भाजी करपत असताना सुद्धा, मी मनात एक नवी रचते आहे, आणि तिच्यात तुम्ही फार चांगले आहात.