तोंडात ठेवायच्या मण्याबाबत

मी, हरिदास मुखरू ढोमणे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोनारकी, राहणार चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, कोणीही डोक्यावर उभं नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात थोडा हलतो, डोकं ठिकाणावर आहे. तीन महिन्यांपूर्वी मला जबर धक्का बसला आणि तो अजून ओसरलेला नाही. वकील म्हणाले, धक्क्याचं लिहू नका, उद्या कोणी शंका घेईल. पण धक्का बसला म्हणूनच मी लिहायला बसलो आहे, ते लपवून कसं चालेल? याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आता वस्तू म्हणून उरलेली नाही.

१. घर आणि दुकानाची खोली मुलगा प्रफुल याला. तिथं त्याला मोबाइलचं दुकान टाकायचं आहे. टाकावं. पण खाली चकचकीत फरशी बसवण्याची त्याला भारी घाई आहे, म्हणून पुढचं कलम त्याने नीट वाचावं.

२. दुकानाची जमीन वीतभर खोल खणावी आणि निघालेली सगळी माती गोकुळाबाई सोनझारी यांना द्यावी. आमच्या दुकानासमोरची धूळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढायचं काम त्यांच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. माझ्या बैठकीखालच्या मातीत पन्नास वर्षांचा सोन्याचा कीस मुरला आहे. त्यांचा माझ्यावर एक उपकार आहे, त्याचं शेवटी लिहितो.

३. माझा कसोटीचा दगड शेजारचे सोनार बापूराव यांना. माझ्या सोन्यात टाका, म्हणजे सांधायचा हलका धातू, जास्त असतो असं ते गावभर सांगत फिरले. आता त्यांनी या दगडावर स्वतःच्या बोटातली अंगठी घासून पाहावी, दार लावून. ते साक्षीला यायला तयार होते, पण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले. मला दगड देणं जास्त गरजेचं वाटलं.

४. आता मणी. आमच्यात माणूस गेलं की तुळशीच्या पानाबरोबर तोंडात सोन्याचा कण ठेवतात. लग्नाच्या वर्षी मी एकाच मुशीतून दोन मणी केले, एक बायको वच्छलाचा, एक माझा. ती आधी गेली. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी तिचा मणी मी माझ्या हाताने तिच्या तोंडात ठेवला. घरात राहिलेला मणी पुढे मुलगी रीता हिच्याकडे सांभाळायला दिला, कारण प्रफुलच्या हातून घराची किल्लीसुद्धा हरवते.

रीता दक्षिणेतल्या एका संस्थेत पदार्थविज्ञानाचं संशोधन करते. धातूची तार किती बारीक होऊ शकते आणि तेवढी बारीक झाल्यावर ती कशी वागते, हे तिचं काम. सोनाराच्या मुलीला शोभणारं काम आहे, असं मी येईल त्याला सांगत असे.

यंदा अक्षय तृतीयेला ती घरी आली. मी म्हटलं, कागदपत्रं नीट करतो, मणी आणून दे. ती ताटावर मान खाली घालून म्हणाली, "बाबा, तो मणी आता मणी राह्यला नाई. मागवलेलं सोनं आलं नोतं, काम अडून राह्यलं होतं, म्हणून मी तो वापरला. तुमाले दुसरा आणून देतो."

दुसरा. मी ताट सरकवून उठलो. सुट्टी संपली तशी ती परत गेली.

तिच्यामागोमाग मी बल्लारशाहून गाडी धरली. सोबत माझी कुंचली घेतली, डुकराच्या केसांची. सोनारकीत सोनं हरवत नाही. कानशीचा कीस, हात धुतलेलं पाणी, झाडलेली धूळ, सगळ्यातून ते परत मिळतं. तिचं यंत्र झाडायचं आणि सोनं घेऊन घरी यायचं, इतकं माझं साधं ठरलं होतं.

यंत्र म्हणजे पोलादाचं पिंप, त्याला जाड काचेच्या खिडक्या. मी म्हटलं, "उघड."

"उघडता येत नाई, बाबा. आतली हवा काढून टाकली हाये. जराशी आत गेली त सगळं बिघडते, मंग अख्खं यंत्र आठवडाभर भाजा लागते."

कुंचली हातातच राहिली. तिच्यासोबत काम करणारी मुलं माझ्याकडे बघत होती, पण हसलं कोणी नाही.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मणी तापवून आधी त्यातली उरलीसुरली चांदी उडवली, कारण चांदी आधी उडते. मग सोन्याची वाफ केली. मी जन्मभर सोनं वितळवलं, त्याची वाफ करायचा विचार कोणाच्या मनात येईल असं मला वाटलं नव्हतं. आत सिलिकॉनची चकती ठेवलेली असते, जराशी तिरपी कापलेली. त्यामुळे तिच्यावर आपल्या उतारावरच्या धानाच्या बांध्यांसारख्या पायऱ्या पडतात. सोनं त्या पायऱ्यांच्या कडेने, अणूमागे अणू, आपणहून रांगेत बसतं. मग एक सुई न टेकता वरून फिरते आणि खाली काय आहे ते पडद्यावर दिसतं.

पडद्यावर उजळ रेघा होत्या, धानाचा रोवणा केलेल्या बांधीसारख्या सारख्या अंतरावर. एकेक रेघ म्हणजे एका अणूच्या रुंदीची सोन्याची तार.

"मंग पिवळी काऊन नाई?" मी विचारलं.

"पिवळं दिसाले लई अणू एका जागी लागतात. एकट्यादुकट्याले रंग नसते, बाबा."

मी खुर्चीवर बसलो. पुढचा धक्का तिथे बसला. तिने त्या तारा थंड केल्या, बर्फाहून कितीतरी थंड. सोन्यातून वीज जाते हे शेंबडं पोरही सांगेल. "आता जात नाई," ती म्हणाली. "थंडीत एकेक अणू शेजारच्याच्या जवळ सरकते. दोघादोघांची जोडी लागते. जोड्या लागल्या का वीज थांबते."

पडद्यावर खरोखर जोड्या होत्या. विस्तवातून काढा नाहीतर विहिरीत टाका, सोनं ते सोनंच, असं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं. माझ्याच सोन्याने मला खोटं पाडलं. रीता पाणी आणायला गेली आणि मी त्या जोड्यांकडे बघून रडलो. तिला वाटलं, मण्यासाठी रडतो.

५. तार ओढायचं जंतर, म्हणजे भोकाभोकांची पोलादी पट्टी, रीताला. त्या पट्टीच्या शेवटच्या भोकातून केसासारखी तार निघते. त्याला मी आजवर बारीक म्हणत होतो. कुंचलीही तिलाच. पिंपाच्या भिंतींना चिकटून राहिलेलं सोनं त्या संस्थेला. मी दिलं नसतं तरी ते परत करणार नव्हतेच.

६. आषाढात रीताने त्या चकतीचा तुकडा मला आणून दिला. नखाएवढा आहे, काळसर, आरशासारखा गुळगुळीत. हवा लागून रांगा मोडल्या, पण सोनं त्याच्यावरच आहे, असं ती म्हणाली. कसोटीवर घासला, रेघ उठली नाही. काट्यालाही काही कळलं नाही. तरी मी मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

आता तिला कधी न सांगितलेली गोष्ट. वच्छलाचे दिवस झाल्यावर गोकुळाबाई दुकानात आल्या. त्या नदीकाठची राखही धुतात, आणि राखेत निघालेलं सोनं धुणाऱ्याचं, हा जुना रिवाज आहे. त्यांनी काट्यावर एक वितळून वाकडा झालेला कण ठेवला. म्हणाल्या, "भाऊ, हे बाईचं असन. दुसऱ्या सोनाराकडं न्याले पाय उचलले नाई."

मी त्यांना कणाचा पूर्ण भाव दिला. दार लावून घेतलं. माझा मणी आणि तो कण एकाच मुशीत घातले, तेजाबात शुद्ध केले आणि त्यांचा एकच मणी केला. रीताकडे दिला तो हा मणी. त्यातला वच्छलाचा अणू कोणता आणि माझा कोणता, हे आता कोणतंही यंत्र सांगणार नाही. रीता, थंडीत जोड्या लागताना तू बघितल्यास त्या कोणाच्या होत्या, ते तुला आज कळलं. दुसरा मणी आणू नकोस.

मी गेलो की तुळशीच्या पानाबरोबर तो काळा तुकडा माझ्या जिभेवर ठेवावा. ठेवायचा तो रीताने. आणि गोकुळाबाईंना आधीच निरोप द्यावा, की माझी राख धुवायचे कष्ट घेऊ नका. या वेळी काही परत येणार नाही.

वरील मजकूर मी लिहून पुन्हा वाचला. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, ती माझीच.

स्थळ: चामोर्शी
दिनांक: १२ ऑगस्ट २००६

सही: हरिदास मुखरू ढोमणे

आमच्यासमोर सही केली. त्या वेळी ते शुद्धीत होते.

साक्षीदार:
१. मिथुन इस्तारी मेश्राम, कापड दुकानदार, चामोर्शी
२. लच्छू चैतू गेडाम, निवृत्त पोस्टमन, चामोर्शी