विजेची सिगारेट आणि नव्वद दिवस

बर्मिंगहॅम,
सोमवार, ४ मे २००९ (बँक हॉलिडे)

आयुष्मान कमलाकरराव व्याही यांस,

पद्माकरचा मनापासून जयभीम. आयुष्मती राजश्रीताईंनाही सांगावा. आम्ही उभयता इकडे धडधाकट असून तुम्ही दोघं ग्लासगोच्या पावसात निदान घरात तरी कोरडे असाल असं धरून चालतो. तुमच्या गुडघ्याला ऑपरेशनची तारीख मिळाली का? मी बस गॅरेजात चौतीस वर्षं फिटर होतो. अख्खा गिअरबॉक्स बदलायला मला दोन दिवस लागायचे. एका गुडघ्याला दीड वर्ष लागत असेल तर पार्ट कुठून मागवलाय एवढं तरी त्यांना विचारा (भांडू नका, नुसतं विचारा).

पत्रास कारण असं की काल फोनवर तुम्ही विचारलंत, यंत्र कसं चाललंय, आणि मी ‘एकदम मस्त’ म्हणून विषय हवामानावर नेला. तुम्हाला ते तुटक वाटलं असेल. पण आमचा फोन जिन्याखाली आहे आणि जिन्याखालचं सगळं नंदाला स्वयंपाकघरात ऐकू जातं. ई-मेल करावी तर तुमची ई-मेल समर छापून देतो, आणि समरला कळलं ते ईशिताला कळलं (मुलगा तुमचा गुणी आहे, पण बायकोपासून काही लपवत नाही, हा एक दोषच). म्हणून पत्र. नंदा आज बहिणीकडे वुल्व्हरहॅम्प्टनला गेली आहे, सहापर्यंत मला मोकळीक आहे.

ईशितानं तिची बाजू तुम्हाला सांगितली असेलच, आता माझी ऐका. सत्तावीस फेब्रुवारीला नात झाल्याचा फोन आला तसा मी मिळेल त्या ट्रेननं केंब्रिजला पोचलो. स्टेशनबाहेर एक सिगारेट ओढली हे खरं, पण हॉस्पिटलात दोनदा हात धुतले. खोलीत शिरून बाळाकडे हात पुढे केले तर आमच्या कन्येनं ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा वर केला. म्हणाली, “बाबा, यू रीक. धूर कपड्यामधे बसते. नाइंटी डेज एक पण सिगारेट नाही, मग माझा बाळ तुमच्या मांडीवर. नो आर्ग्युमेंट.” ती प्रयोगशाळेत काम करते, तिच्याशी पुराव्यानं बोलावं लागतं, आणि पुरावा माझ्या कोटाला येत होता. मग विजेची सिगारेट चालेल का, असं मी विचारलं. बाळापासून लांब असेल तर चालेल, असं ठरलं. एक मार्चपासून मोजणी सुरू. तिनं नव्वद चौकोनांचा एक तक्ता पाठवला, लॅमिनेट केलेला, सोबत सोनेरी चांदण्यांचे स्टिकर. तो आमच्या फ्रिजवर आहे. एकसष्ट वर्षांचा माणूस रोज रात्री दात घासून स्वतःला एक चांदणी देतो.

एकतीस मेला विहारात नामकरण, आणि नाव जाहीर होताना बाळ माझ्या मांडीवर, हे आपण चौघांनी मिळून ठरवलं. तो मान तुम्ही मला दिलात, हे मी विसरलेलो नाही. त्याच्या दोन दिवस आधी नव्वद भरतात. आजवर मी नातीला खोलीच्या या टोकावरून पाहिलं आहे. नंदा तिला उचलून धरते आणि मी लांबून हात हलवतो. अडतीस वर्षं रोज वीस ओढणाऱ्या माणसानं हे तडीस न्यायचं म्हणजे काय, ते मी सांगत नाही. पण ठरवलं आहे आणि होणार आहे.

आता यंत्राकडे येतो. ते चीनहून टपालानं आलं, पेनाएवढ्या डब्यात, सोबत माहितीचा कागद. त्यातलं इंग्रजी वाचून मला माझ्या इंग्रजीचा पहिल्यांदा अभिमान वाटला. भाग तीन. पुढं बॅटरी, तिच्या टोकाला एक दिवा, तो ओढलं की पेटतो. मध्ये ॲटमायझर म्हणून बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्यातली तार तापते. आणि तोंडाकडे नळी, तिच्यात कापूस, त्या कापसावर निकोटिनचा रस थेंबाथेंबानं सोडायचा. तार रस तापवते, वाफ होते, ती आपण ओढायची. आग नाही, राख नाही. कागदावर लिहिलं होतं पाच थेंब. मी वीस सोडले (इंजिनात ऑइल कमी पडलं तर काय होतं ते मी चौतीस वर्षं पाहिलं आहे). पहिल्याच झुरक्याला वाफेऐवजी रस जिभेवर आला. असा कडू पदार्थ मी जन्मात चाखला नव्हता, आणि मी कारल्याच्या घरात वाढलो आहे. मग उचक्या लागल्या. त्या चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. नंदा म्हणाली, कोणीतरी आठवण काढतंय. मी म्हटलं, हो, चीनमध्ये.

महिनाभरात मी त्याची नाडी ओळखली. वाफ कमी झाली की आधी बॅटरीचे आटे कापसानं पुसायचे, मग नळीतला कापूस उपसून पुन्हा पिंजून बसवायचा, आणि तरीही काम झालं नाही तर मधल्या तुकड्यात काजळी बसली असं समजायचं. तीच खरी पीडा. रस जळून तारेवर राप धरतो. इंटरनेटवर कोणी उकळा म्हणतं, कोणी दारूत बुडवा म्हणतं. दारू आपल्या घरात नसते. मी विचार केला, राप चढलेलं पितळेचं भांडं आपली आई कशानं घासायची? चिंचेनं. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळली आणि तुकडा रात्रभर त्यात ठेवला. सकाळी असा लखलखला की खिडकीशी नेऊन बघत बसलो. जोडून ओढलं, तर आमटी. पुढचे तीन दिवस मी आमटी ओढत होतो. गुळाशिवायची. अडतीस वर्षांत ओढताना भूक लागण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्या तीन दिवसांत माझं वजन दोन पौंडांनी वाढलं.

दुसऱ्या वेळी मी साध्या पाण्यात उकळून काढला (चहाच्या भांड्यात नाही, आरोप खोटा आहे, ते भांडं शेजारी होतं). पण धुतलेला तुकडा पूर्ण वाळवावा लागतो, नाहीतर तार तुटते. या देशात मार्च महिन्यात वाळवायचं कुठं? आमच्याकडे ऊन एकाच जागी येतं, मागच्या काचेच्या खोलीत, आणि तिथे नंदाची सांडगी मिरची ताटात पसरलेली होती. मी तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. आता वाळलेली सांडगी मिरची आणि माझा मधला तुकडा यांत दिसायला जो काही फरक आहे तो चष्मा लावल्यावर आहे. नंदानं संध्याकाळी मिरच्या गोळा केल्या, त्यात तोही गेला. दुसऱ्या दिवशी कढीभातासोबत तळायला काढल्या तेव्हा तेलात पडायच्या आधी एक मिरची ताटलीत टणकन वाजली, म्हणून वाचला. आनंदाच्या भरात मी तो न धुता जोडला. मिरचीची भुकटी आत गेलेली होती. कमलाकरराव, तो ठसका मी शब्दांत मांडू शकत नाही. नंदानं पाठीवर थापट्या मारल्या, त्यातल्या शेवटच्या काही गरजेपेक्षा जास्त होत्या असं मला वाटतं. पण त्याही रात्री चांदणी लावली, कारण सिगारेट ओढली नव्हती.

मग बारा एप्रिल. त्या रविवारी ईस्टर होता, हॉल स्वस्तात मिळाला, म्हणून जयंतीचा कार्यक्रम आम्ही दोन दिवस आधी उरकला. माझ्याकडे पंचशील सांगण्याचं काम आणि नंतर दहा मिनिटांचं भाषण. विषय सुहासनं दिला होता, ‘व्यसन आणि निश्चय’. सुहास म्हणजे आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. माणूस कामाचा, पण मागच्या वर्षी कौन्सिलनं त्याला आगीपासून बचावाचा एक दिवसाचा कोर्स दिला, तेव्हापासून तो आगीची वाटच बघतो आहे. माझं यंत्र कोटाच्या आतल्या खिशात. या बॅटरीला बटण नाही, ओढ बसली की ती आपोआप चालू होते. पण रस झिरपून आत गेला तर तिला वाटतं कोणीतरी ओढतंय, आणि ती थांबत नाही. हे मला त्या दिवशी कळलं. ध्यानाची दोन मिनिटं चालू, हॉल शांत, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि माझ्या छातीतून व्हॅनिलाच्या वासाची वाफ निघायला लागली. पहिल्या रांगेतल्या कांताबाईंना ती उदबत्ती वाटली, त्यांनी दीर्घ श्वास घेतला. सुहासनं डोळे उघडले. त्यानं ‘फायर’ म्हणून हाक दिली आणि मुलांसाठी कालवलेला ऑरेंज स्क्वॉशचा अख्खा जग माझ्या छातीवर रिता केला. कोर्समध्ये पाणी सांगितलं असणार, पण वेळ आली की माणूस हाताला लागेल ते घेतो.

यंत्र तिथेच बंद पडलं. मी तशाच नारिंगी कोटात निश्चयावर भाषण केलं. टाळ्या बऱ्या पडल्या. नंतर कोट वाळवायला थोडा वेळ कारपार्कमध्ये गेलो. नवी बॅटरी यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस मी कशाच्याही आधाराविना काढले. घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घातलं, शेजाऱ्यांच्याही फाटकाला घातलं (ते बाहेरगावी होते). आता नवी बॅटरी बटणाची आहे, यंत्र ठणठणीत आहे आणि मी रोज रस थोडा पातळ करत आणतो आहे. तर असं एकदम मस्त चाललंय.

राजश्रीताईंना आणि तुम्हाला पुन्हा एकदा जयभीम. प्रकृतीस जपावं, गुडघ्याला शेक द्यावा.

आपला व्याही,
पद्माकर

ता. क. : सोबतच्या पुडीत सांडगी मिरची आहे. एकूण एक वाजवून पाहिली आहे, निर्धास्त तळावी.

ता. क. २ : ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, लिहूनच टाकतो. त्या दिवशी कारपार्कमध्ये कोट पिळताना अस्तरात काहीतरी लागलं. खिसा फाटून जानेवारीत कधीतरी आत घसरलेली एक सिगारेट. स्क्वॉशनं भिजलेली. क्षणाचा मोह झाला असं म्हणायची सोय नाही, कारण ती वाळवायला पंचवीस मिनिटं लागली. गाडी चालू केली, हीटर लावला, झडपेसमोर धरून बोटानं फिरवत बसलो. मग ओढली. सगळी. चव संत्र्याची होती आणि खरं सांगतो, छान होती. घरी येऊन त्रेचाळीसाव्या चौकोनावर चांदणी लावली. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही, हे शपथेवर सांगतो, पण दर रविवारी पंचशील सांगताना खोटं न बोलण्याच्या शिलाशी, ‘मुसावादा’ला, माझा आवाज बसतो. कांताबाईंनी मला काल ज्येष्ठमध आणून दिला.

मोजणी तेरा एप्रिलपासून धरली तर नव्वद दिवस अकरा जुलैला भरतात. बारा जुलै रविवार आहे. नामकरण तेवढं पुढं ढकलता आलं तर मी खऱ्या नव्वदांवर बाळ मांडीवर घेईन. आता ढकलायचं कशावरून? गॅरेजातल्या माझ्या दोस्ताला, विष्णूला, ही अडचण कधी येत नाही. बिल्डरनं किचन अर्धवट सोडलं तेव्हा वास्तुशांत पुढं ढकलायला त्यानं पंचांग उघडलं, तीन महिने मुहूर्तच नव्हता. आपण ही सोय छप्पन्न साली नागपुरात सोडून आलो. योग्य केलं, पण मला आज तिची फार आठवण झाली. तर विनंती अशी, की बारा जुलैपर्यंत प्रवास करू नका असं डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलंय, एवढं तुम्ही समरला कळवावं. पत्र याचसाठी होतं.

ता. क. ३ (मंगळवार सकाळ) : वरचं काहीही करू नका. मी खोटं बोलू नये म्हणून व्याह्यांनी खोटं बोलावं, ही युक्ती रात्री अंथरुणात नीट पाहिली तर फार ओंगळ दिसली. सकाळी सातला ईशिताला फोन केला आणि सांगितलं. नंदा स्वयंपाकघरात ऐकत होती, ऐकू दिलं. मला वाटलं ईशिता रागावेल, नाहीतर जाऊ द्या बाबा म्हणेल. दोन्ही केलं नाही. म्हणाली, “ओके बाबा. मग ट्वेल्फ्थ जुलैला माझा बाळ तुमच्या मांडीवर.” मुलगी माझीच आहे यात शंका नाही. मी त्रेचाळीसावी चांदणी नखानं खरवडून काढली आणि आधीच्या-पुढच्याही सगळ्या काढल्या. फ्रिजपाशी अर्धा तास गेला. मग तेरा एप्रिल एक असं धरून पुन्हा लावायला घेतल्या. काल रात्रीपर्यंत बावीस झाल्या आहेत.

पत्र फाडणार होतो, पण पाच पानं लिहून झाली आहेत आणि तिकीटही लावलं आहे. तेव्हा खरी विनंती एवढीच. नामकरण एकतीस मेलाच होऊ द्या, आणि बाळ तुम्ही मांडीवर घ्या. मी मागे दाराशी उभा राहीन, चपलांच्या रॅकपाशी. नाव पुकारलं जाईल तेव्हा तिचं तोंड दाराकडे करून धरा. तोंडओळख तेवढी होऊन जाऊ दे, बाकी मी बारा जुलैला पहिल्या ट्रेननं येतो.