हॅलोविनला दिवे बंद

३१ ऑक्टोबर, बेसिंगस्टोक, इंग्लंड

नागपूरहून आलेले माझे वडील, आबा, म्हणाले, “भूतबित आपण मानत नाही. दिवे बंद कर.” मी केले. का केले? घर माझं आहे ना?

भुताखेतांची सोंगं घेऊन चॉकलेट मागायला आलेल्या मुलांनी बेल वाजवली की आम्ही तिघं अंधारात श्वास रोखून बसायचो. परत बेल. माझी सात वर्षांची मुलगी मैत्री कुजबुजली, “आबा, टीचर बोलली, पूर्वी लोक भुताला घाबरून मास्क घालायचे. आता फक्त फन असतं. मग आपण का लपतो?”

चाळिशीतही मला हे आबांना विचारता आलं नाही.

बेल वाजायची थांबली. मग आबा म्हणाले, “लाव दिवा.”

मी धावत जाऊन दार उघडलं. रस्ता रिकामा होता. मैत्री रडली नाही, तेच जास्त लागलं.